क्रूझसाठी प्रवास विमा घ्यावा का? टप्प्याटप्प्याने ठरवण्याची पद्धत

क्रूझचं बुकिंग जवळजवळ पूर्ण झालेलं असतं. केबिन निवडून झालेली असते, नावं भरून झालेली असतात आणि पैसे भरायच्या आधी एक चौकट समोर येते: प्रवास विमा हवा का? बहुतेक जण तिथे दहा सेकंदांत निर्णय घेतात. काही जण 'असू दे, काय होतंय' म्हणून खूण करतात, काही जण 'उगाच खर्च' म्हणून पुढे जातात.

हा निर्णय घाईत चुकतो, कारण त्या एका चौकटीत दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला प्रश्न: काही कारणाने जाताच आलं नाही, तर भरलेल्या पैशांचं काय? दुसरा: समुद्रात असताना आजारी पडलो, तर जमिनीवर कोण आणणार, रुग्णालयाचं बिल कोण भरणार आणि घरी कसं पोचणार? पहिल्या प्रश्नातल्या नुकसानीला मर्यादा असते. जेवढे भरले त्याहून जास्त बुडत नाहीत. दुसऱ्या प्रश्नातल्या नुकसानीला अशी मर्यादा नसते. म्हणून या दोन्हींचा निर्णय वेगवेगळा करायचा. हा लेख पहिल्यांदाच क्रूझला निघालेल्यांसाठी आहे आणि त्याच क्रमाने जातो.

पहिला टप्पा: बुडू शकणारी रक्कम कागदावर काढा

बुकिंगच्या अटींमध्ये रद्द करण्याचं वेळापत्रक असतं. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे, पण साचा साधारण सारखाच. सुरुवातीला अनामत रक्कम भरायची. प्रवासाच्या अंदाजे तीन महिने आधी उरलेले सगळे पैसे भरायचे. त्यानंतर रद्द केलं तर कपात सुरू होते आणि जसजशी निघायची तारीख जवळ येते तसतशी ती वाढत जाते. शेवटच्या दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ठिकाणी भाड्यातला एक पैसाही परत मिळत नाही. बंदर शुल्क आणि कर मात्र सहसा परत मिळतात, कारण ते प्रवासी चढल्यावरच भरावे लागतात. सवलतीच्या भाड्यात अनामत रक्कम पहिल्या दिवसापासूनच परत न मिळणारी असू शकते, तेही तपासा.

आता एक साधी यादी करा. कुठल्या तारखेला रद्द केलं तर किती जाईल, ते क्रूझच्या भाड्यापुढे लिहा. त्याखाली विमानाचं तिकीट, आदल्या रात्रीचं हॉटेल, व्हिसाचं शुल्क, आधीच पैसे भरून ठेवलेल्या किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं मांडा. पहिल्यांदा जाणाऱ्यांकडून इथेच सर्वांत जास्त विसरलं जातं. भाडं डोळ्यांसमोर असतं, पण वेगळ्या ठिकाणी काढलेलं विमानाचं तिकीट हिशोबात धरलंच जात नाही.

बेरीज झाली की स्वतःला एकच प्रश्न विचारा. ही रक्कम उद्या गेली, तर घरातलं काही अडेल का? वाईट वाटेल का, हा प्रश्न नाही. वाईट सगळ्यांनाच वाटतं. कर्जाचा हप्ता, फी, औषधं, राखीव पैसे यांपैकी कशाला धक्का लागणार असेल, तर रद्द होण्याचं संरक्षण घ्यावं. लागणार नसेल, तर ते न घेणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे. विमा कंपनीला दावे फेडून आपला खर्च आणि नफाही काढायचा असतो. त्यामुळे ग्राहक म्हणून आपण सरासरीने परत मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्तच भरतो. सोसवेल अशा नुकसानीसाठी हा जादा खर्च करायची गरज नसते.

सगळं धरून सर्वसमावेशक पॉलिसीचा हप्ता प्रवासाच्या एकूण खर्चाच्या साधारण ४ ते १० टक्के येतो, वय वाढलं की त्याहूनही वर जातो. समजा तुम्हाला ६ टक्के सांगितले. म्हणजे ढोबळमानाने शंभरातल्या सहांहून जास्त वेळा प्रवास रद्द करावा लागेल असं वाटत असेल, तरच रद्द होण्याचा भाग स्वतःच्या बळावर परवडतो. काही घरांत ही शक्यता खरोखर तेवढी असते. घरी वृद्ध आईवडील असतील आणि त्यांची तब्येत नाजूक असेल, प्रवासाला एकत्र चार-पाच जण निघाले असतील, बुकिंग वर्षभर आधी केलं असेल, तर वाटेत काहीतरी आडवं येण्याची शक्यता वाढत जाते. जवळचा नातेवाईक प्रवासाला येत नसला, तरी त्याच्या गंभीर आजारामुळे तुम्हाला रद्द करावं लागलं तर अनेक पॉलिसी पैसे देतात. मात्र कुठलं नातं 'जवळचं' धरलं आहे, ते व्याख्येत वाचावं लागतं.

दोघांच्या केबिनमधला एक जण आजारी पडला आणि दुसऱ्याने एकट्याने जायचं ठरवलं, तर कंपनी त्या एकट्याकडून केबिनचा वाढीव दर मागू शकते. चांगल्या पॉलिसीत हा फरकही भरून मिळतो. गरोदर स्त्रियांसाठी आणखी एक गोष्ट: प्रवासादरम्यान २४ आठवडे पूर्ण होत असतील, तर बहुतेक क्रूझ कंपन्या जहाजावर चढू देत नाहीत. हा नियम माहीत नव्हता, एवढ्या कारणावर विमा कंपनी पैसे देत नाही. बुकिंगच्या वेळीच आठवडे मोजा.

दुसरा टप्पा: समुद्रात आजारी पडल्यावर नेमकं काय होतं

माझ्या मते विम्याचा खरा निर्णय इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

मोठ्या क्रूझ जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि नर्स असतात. ताप, उलट्या-जुलाब, जखमेला टाके, साधं हाड मोडणं हे तिथे हाताळलं जातं. ईसीजी, हृदयाला झटका देण्याचं यंत्र, प्राथमिक रक्ततपासणी, बऱ्याच ठिकाणी एक्स-रे ही साधनं असतात. हृदयविकाराच्या झटक्यात रुग्णाला स्थिर करण्याची तयारीही असते. पण हे रुग्णालय नव्हे. मोठी शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी, मेंदूतल्या रक्तस्रावावरचे उपचार तिथे होत नाहीत. जहाजावरच्या डॉक्टरांचं काम रुग्णाला सांभाळत जमिनीपर्यंत पोचवणं हे असतं आणि ते काम ते मनापासून करतात.

दवाखान्याचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरण्याआधी ते चुकतं करावं लागतं. तुमच्या घरच्या आरोग्य विम्याचं कार्ड तिथे सहसा चालत नाही. पैसे भरायचे, पावत्या घ्यायच्या आणि नंतर दावा करायचा, अशी ही व्यवस्था. सरकारी योजनांवर भिस्त ठेवणाऱ्यांनीही नीट चौकशी करावी. अमेरिकेतल्या ज्येष्ठांसाठीच्या 'मेडिकेअर' योजनेचं उदाहरण घ्या. जहाज अमेरिकी बंदरात असेल किंवा तिथून सहा तासांच्या आत असेल, तरच ती जहाजावरच्या उपचारांचा विचार करते. बाकी समुद्र तिच्या बाहेर.

आजार गंभीर असेल, तर रुग्णाला जहाजावरून हलवावं लागतं. हे स्थलांतर तीन तुकड्यांत होतं आणि प्रत्येक तुकड्याचा खर्च वेगळा असतो. आधी जहाजावरून किनाऱ्यावर. किनारा जवळ असेल तर हेलिकॉप्टर येऊ शकतं, पण त्याचा पल्ला मर्यादित असतो. भर समुद्रात ते पोचूच शकत नाही आणि मग जहाजालाच मार्ग बदलून जवळच्या बंदराकडे जावं लागतं. २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात 'व्हायकिंग स्काय' या जहाजाची इंजिनं बंद पडली. तेव्हा जहाजावरच्या १३७३ जणांपैकी ४७९ जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलून नेलं. किनारा जवळ होता, म्हणून ते शक्य झालं.

दुसरी तुकडी म्हणजे बंदरावरच्या छोट्या रुग्णालयातून सक्षम रुग्णालयापर्यंत. क्रूझ ज्या सुंदर बेटांवर थांबते, त्यातल्या कित्येक बेटांवर हृदयशस्त्रक्रियेची सोय नसते. खासगी रुग्णालयं भरती करण्याआधी मोठी अनामत मागतात. तिसरी तुकडी घरापर्यंतची. प्रकृती बरी असेल तर नेहमीच्या विमानात जास्तीच्या जागा घेऊन स्ट्रेचरवर नेतात. नसेल तर डॉक्टर-नर्ससह स्वतंत्र हवाई रुग्णवाहिका लागते. लांबच्या पल्ल्याला तिचं बिल लाख अमेरिकी डॉलरच्या पुढे जाऊ शकतं. क्रूझच्या संपूर्ण भाड्याच्या कित्येक पट झाली ही रक्कम.

यात सोबत्याचा विचार राहून जातो. रुग्ण उतरला की जहाज पुढे निघून जातं. बरोबरची व्यक्ती अनोळखी बंदरावर हॉटेल शोधते, परतीची तिकिटं नव्याने काढते, बरोबर लहान मुलं असतील तर त्यांना घरी पाठवायची सोय बघते. चांगल्या पॉलिसीत सोबत्याचा मुक्काम, मुलांना परत पाठवणं आणि दुर्दैवाने मृत्यू झालाच तर पार्थिव घरी आणणं, हे तिन्ही खर्च वेगळे लिहिलेले असतात. शेवटची बाब वाचायला जड जाते, पण ज्या घरावर ही वेळ येते त्यांच्यासाठी ती ओळ फार मोठा आधार असते.

माझं मत स्पष्ट आहे. परदेशी बंदरांना जाणाऱ्या समुद्री क्रूझवर वैद्यकीय उपचार आणि वैद्यकीय स्थलांतर या दोन्हींचं संरक्षण घेतल्याशिवाय पाऊल ठेवू नये, वय कितीही असो. उपचारांसाठी किमान एक लाख डॉलर आणि स्थलांतरासाठी किमान अडीच लाख डॉलरची मर्यादा पाहावी. दूरच्या मार्गांवर त्याहून जास्त. अंटार्क्टिकासारख्या ठिकाणी नेणाऱ्या कित्येक कंपन्या स्थलांतराच्या विम्याचा पुरावा दाखवल्याशिवाय चढूच देत नाहीत आणि ते योग्यच आहे. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायलाच साधारण दोन दिवस लागतात. शेंगेन व्हिसा काढून युरोपातली क्रूझ करणार असाल, तर ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाची अट व्हिसासाठीच असते. पण ती व्हिसापुरती किमान रक्कम आहे, समुद्रावरच्या गरजेचं माप नव्हे.

अपवाद एकच सांगेन. स्वतःच्याच देशातल्या नदीवरची किंवा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी छोटी क्रूझ असेल आणि तुमचा आरोग्य विमा त्या सगळ्या थांब्यांवर लागू असल्याचं लेखी मिळालं असेल, तर हा भाग सोडता येईल.

तिसरा टप्पा: आधीच हातात काय आहे

नवीन पॉलिसी घेण्याआधी क्रेडिट कार्ड, नोकरीच्या ठिकाणचा गट विमा, वर्षभराची प्रवास पॉलिसी आणि घरचा आरोग्य विमा बाहेर काढा. प्रत्येकात पाच गोष्टी शोधा. क्रूझ चालते का? वैद्यकीय स्थलांतर आहे का आणि किती रकमेपर्यंत? वयाची मर्यादा काय? एका प्रवासाचे जास्तीत जास्त किती दिवस? जहाज ज्या ज्या देशांत थांबणार ते सगळे यादीत आहेत का?

पहिला प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटतो, पण बऱ्याच साध्या प्रवास पॉलिसींमध्ये क्रूझ वगळलेली असते आणि वेगळा हप्ता भरून ती जोडून घ्यावी लागते. क्रेडिट कार्डावरचं संरक्षण बहुधा तेव्हाच लागू होतं, जेव्हा तिकिटाचे पैसे त्याच कार्डाने भरलेले असतात. ते सामान आणि रद्द होण्यापुरतं बरं असतं, स्थलांतराच्या बाबतीत मात्र तोकडं पडतं किंवा त्यात ती बाबच नसते.

'जहाजाला काही झालं तर कंपनीच भरपाई देईल ना?' असंही विचारलं जातं. समुद्रमार्गे जाणाऱ्या प्रवाशांच्या भरपाईबद्दलच्या आंतरराष्ट्रीय अथेन्स कराराच्या २००२ च्या सुधारणेनुसार जहाज बुडणं, आदळणं, आग लागणं अशा दुर्घटनांत मृत्यू किंवा इजा झाली, तर वाहतूक कंपनीवर प्रति प्रवासी २,५०,००० एसडीआरपर्यंतची जबाबदारी चूक सिद्ध न करताही येते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे. ही सुधारणा २३ एप्रिल २०१४ पासून लागू आहे, पण ती मान्य केलेल्या देशांपुरतीच. आणि ती जहाजाच्या दुर्घटनेबद्दल आहे. तुमचं अपेंडिक्स फुगलं किंवा डेकवर चक्कर आली, तर तिचा काही उपयोग नाही. क्रूझवर माणसं दुर्घटनेने क्वचित आणि आपापल्या आजारांनी कितीतरी जास्त वेळा अडचणीत येतात.

चौथा टप्पा: क्रूझसाठीची खास कलमं, कुठली कामाची

क्रूझ पॉलिसीच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत येणारी कलमं आणि खरोखर उपयोगी पडणारी कलमं एकच असतील असं नाही.

*जहाज चुकणं.* हे कलम महत्त्वाचं आहे. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. चांगली पॉलिसी तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत नेण्याचा खर्च देते. पण किती तासांचा उशीर झाल्यावर ते लागू होतं आणि उशिराची कोणती कारणं मान्य आहेत, ते बघा. शिवाय पुढच्या बंदरावर चढणं दरवेळी कायद्याने शक्य असतंच असं नाही. त्या देशाचा व्हिसा लागतो. अमेरिकेत तर १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजांना एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवासी नेण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे मध्येच चढायला परवानगी नाकारली जाऊ शकते. या सगळ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक दिवस आधी बंदराच्या शहरात पोचणं. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं कित्येक दिवस जमिनीवर ठेवली, अशा वेळी एक दिवसही पुरत नाही. पण नेहमीच्या उशिराला तो पुरतो.

*बंदर वगळलं जाणं.* याच्यासाठी विमा घेऊ नका. हवामान, सुरक्षितता किंवा बंदरावरची अडचण यांमुळे मार्ग बदलायचा अधिकार कराराने कंपनीला दिलेला असतो आणि ते बरंच आहे. कप्तानाने भाड्याच्या परताव्याचा विचार करत वादळात शिरू नये. अटलांटिकमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम धरतात. त्या काळात मार्ग बदलणं हा प्रवासाचाच भाग समजावा. पॉलिसी दिलीच तर वगळलेल्या बंदरामागे छोटी ठरावीक रक्कम देते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा पूल जहाजाच्या धडकेने कोसळला आणि बंदर बंद झालं. तेव्हा तिथून निघालेली क्रूझ परत येताना नॉरफोकला नेली गेली आणि प्रवाशांना बसने बाल्टिमोरला पोचवलं. असे बदल बहुतेक वेळा कंपनीच निस्तरते.

*केबिनमध्ये अडकून राहणं.* नोरोव्हायरससारख्या संसर्गात डॉक्टर रुग्णाला केबिनमध्येच राहायला सांगतात. काही पॉलिसी अशा प्रत्येक दिवसाची ठरावीक रक्कम देतात. दोन-तीन दिवसांसाठी ती किरकोळच असते. प्रश्न लांबलेल्या विलगीकरणाचा असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधल्या योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' या जहाजावर ३७११ जण अडकले आणि त्यातल्या ७१२ जणांना कोविड झाला. म्हणून परतीचा प्रवास लांबला तर पॉलिसीची मुदत आपोआप वाढते का, हे विचारा. दिवसाच्या भत्त्यापेक्षा हे जास्त मोलाचं आहे.

*किनाऱ्यावर मागे राहणं.* जहाजाने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज थांबतं किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवते. स्वतः ठरवलेल्या सहलीला उशीर झाला, तर ती जबाबदारी तुमची. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या साओ तोमे बेटावर खासगी सहलीवरून उशिरा परतलेल्या आठ प्रवाशांना सोडून 'नॉर्वेजियन डॉन' निघून गेलं. ते प्रवासी सेनेगलमधल्या डकारला पोचल्यावर पुन्हा जहाजावर चढू शकले. निव्वळ वेळ चुकली म्हणून विमा सहसा पैसे देत नाही. पासपोर्टची प्रत, थोडे पैसे आणि दोन दिवसांची औषधं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

सामानाच्या विम्याबद्दल एवढंच, की दागिने, कॅमेरे, फोन यांवर वस्तूगणिक छोट्या मर्यादा असतात. महागाच्या वस्तू नेऊ नका.

पाचवा टप्पा: दावे कुठे अडकतात

आधीपासूनचे आजार हा सर्वांत मोठा खडक. पॉलिसी विकत घेण्याआधीच्या ठरावीक काळात, बहुधा ६० ते १८० दिवसांत, तुमच्यावर नवे उपचार झाले असतील, औषध किंवा त्याचं प्रमाण बदललं असेल, एखादी तपासणी सुचवली असेल, तर त्या आजाराशी जोडलेला दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणजे रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं तीच असेल तर अडचण कमी, पण मागच्याच महिन्यात ती बदलली असेल तर जास्त. काही देशांत पहिली अनामत भरल्यापासून १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घेतली, तर ही अट माफ करतात. इतर ठिकाणी आजार जाहीर करून जादा हप्ता भरावा लागतो. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच: काहीही लपवू नका. मधुमेह, दमा, जुनी अँजिओप्लास्टी, सगळं लिहा. हप्ता वाढेल म्हणून एक ओळ गाळणाऱ्या माणसाला परदेशातल्या रुग्णालयात ती ओळ फार महाग पडते.

दुसरी अडचण तारखेची. वादळाला नाव मिळालं, ज्वालामुखी जागा झाला, संप जाहीर झाला, की त्या घटनेसाठी नंतर घेतलेला विमा चालत नाही. म्हणून घ्यायचाच असेल तर अनामत भरल्याबरोबर घ्या. रद्द होण्याचं संरक्षण पॉलिसी घेतल्यापासून सुरू होतं, त्यामुळे आधी घेतल्याने तोटा नाही, उलट संरक्षणाचे दिवस वाढतात.

तिसरी, भीती हे कारण धरलं जात नाही. बातम्या वाचून मन नको म्हणू लागलं, ऑफिसने सुट्टी नाकारली, व्हिसा आला नाही, यांपैकी कशालाही साधी पॉलिसी सहसा पैसे देत नाही. 'कुठल्याही कारणाने रद्द' असं वेगळं कलम काही बाजारांत मिळतं. त्यात खर्चाच्या ५० ते ७५ टक्के परत मिळतात, निघायच्या किमान दोन दिवस आधी रद्द करावं लागतं आणि हप्ता बराच वाढतो. फार महागडी, फार आधी ठरवलेली क्रूझ असेल आणि परिस्थिती खरोखरच डळमळीत असेल, तरच ते घ्या. युद्धासाठी स्वतंत्र अपवाद असतो. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक क्रूझचे मार्ग बदलले, अशा भागातून जाणाऱ्या प्रवासात ते कलम आधी वाचा.

मद्यपान करून झालेली इजा आणि पॉलिसीत न बसणारे साहसी खेळ हेही नेहमीचे अपवाद. स्कूबा डायव्हिंगसाठी खोलीची मर्यादा असते, जेट-स्की आणि झिपलाइन काही ठिकाणी जोडून घ्यावे लागतात.

सहावा टप्पा: कंपनीकडून की बाहेरून

बुकिंगच्या पानावरचं क्रूझ कंपनीचं संरक्षण सोपं असतं आणि काही वेळा वयस्कर प्रवाशांना ते स्वस्तही पडतं, कारण तिथे हप्ता वयावर नसून भाड्यावर ठरलेला असू शकतो. पण त्यात स्थलांतराची मर्यादा कमी असू शकते. परतावा रोख न मिळता पुढच्या क्रूझसाठीच्या जमा रकमेच्या रूपात मिळू शकतो. तुम्ही स्वतंत्र काढलेलं विमान त्यात येत नाही. आणि कंपनीच बुडाली तर तिच्याकडून घेतलेलं संरक्षण काय कामाचं? जानेवारी २०२२ मध्ये 'क्रिस्टल' कंपनीचं जहाज इंधनाच्या थकबाकीवरून जप्तीची नोटीस निघाल्यामुळे मायामीऐवजी बहामाजकडे वळलं आणि थोड्याच दिवसांत कंपनीचा कारभार बंद झाला. युरोपीय संघात पॅकेज प्रवासाच्या कायद्यामुळे अशा वेळी ग्राहकांच्या पैशांना संरक्षण मिळतं. सगळीकडे तसं नाही.

म्हणून मी बाहेरच्या विमा कंपनीकडून घेण्याच्या बाजूने आहे. तीन ठिकाणचे दर मागवा, पण तुलना हप्त्यावरून करू नका. आधी स्थलांतराची मर्यादा, मग आजारांची अट, मग जहाज चुकण्याचं कलम आणि सगळ्यात शेवटी हप्ता. शंका ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं 'हो हो, सगळं कव्हर होतं' दाव्याच्या वेळी दाखवता येत नाही. बऱ्याच ठिकाणी पॉलिसी घेतल्यावर काही दिवसांत ती पूर्ण पैसे घेऊन परत करता येते. त्या दिवसांत संपूर्ण मजकूर वाचून काढा, निदान 'व्याख्या' आणि 'अपवाद' हे दोन भाग तरी.

आता निर्णय. आयत्या वेळी स्वस्तात मिळालेली चार दिवसांची क्रूझ, दोघं तरुण, तब्येत ठणठणीत: फक्त वैद्यकीय आणि स्थलांतर घ्या, रद्द होण्याचा भाग सोडा. निवृत्त जोडपं, दोघांनाही औषधं सुरू, वर्षभर आधी ठरवलेला लांबचा प्रवास: अनामत भरल्याच्या आठवड्यातच सर्वसमावेशक पॉलिसी, आजार जाहीर करून. आजीआजोबांसह तीन पिढ्यांचं कुटुंब: सगळ्यांची पॉलिसी एकाच कंपनीची ठेवा, कारण एक आजारी पडला तर बाकीच्यांचं रद्द होणंही मान्य व्हावं लागतं.

सातवा टप्पा: जहाजावर विमा वापरायचा कसा

विमा कंपनीचा चोवीस तासांचा मदत क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवा, एक प्रत सोबत्याकडे आणि एक घरी. समुद्रात फोनला नेटवर्क मिळेलच असं नाही, त्यामुळे तो फक्त फोनमध्ये असून भागत नाही. जहाजाचा दवाखाना किंवा प्रवासी सेवा केंद्र तुम्हाला उपग्रह फोनवरून संपर्क करून देऊ शकतं.

जहाजावरून उतरवावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, की सोबत्याने लगेच त्या क्रमांकावर कळवावं. जीव वाचवायला तातडीने जे करायचं ते डॉक्टर आणि कप्तान करतीलच. पण त्यापुढची हवाई रुग्णवाहिका विमा कंपनीच्या मदत केंद्रानेच ठरवावी किंवा आधी मान्य करावी, अशी अट जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असते. स्वतःच विमान ठरवून नंतर बिल पाठवलं, तर ते अडकतं. उतरताना पासपोर्ट जहाजाच्या कार्यालयात जमा आहे का ते आठवणीने विचारा आणि सगळी औषधं बरोबर घ्या.

दवाखान्यातून निघताना तीन कागद मागा: तपशीलवार बिल, निदान आणि उपचारांचा अहवाल, आणि पैसे भरल्याची पावती. बंदर वगळलं गेलं किंवा केबिनमध्ये राहावं लागलं, तर तारखेसह लेखी पत्र प्रवासी सेवा केंद्राकडून जहाजावर असतानाच घ्या. घरी आल्यावर ते मिळवायला महिने जातात. विमानात सामान हरवलं, तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. चोरी झाली, तर त्या बंदरावरच्या पोलिसांकडे किंवा जहाजाच्या सुरक्षा विभागाकडे नोंदवा.

निघण्याआधीच रद्द करायची वेळ आली, तर क्रूझ कंपनीला त्याच दिवशी कळवा. कपात टप्प्याटप्प्याने वाढत असते आणि उशिरा कळवल्यामुळे वाढलेला भाग विमा कंपनी द्यायला नकार देऊ शकते. आजारपणामुळे रद्द करत असाल, तर डॉक्टरांना रद्द करण्याआधी भेटा आणि 'प्रवासास असमर्थ' असं त्या तारखेचं प्रमाणपत्र घ्या. मागाहून आणलेल्या प्रमाणपत्रावर प्रश्न विचारले जातात. परतल्यावर दाव्याचा अर्ज पॉलिसीत दिलेल्या मुदतीत पाठवा आणि मूळ पावत्या देण्याआधी प्रत्येकीची प्रत स्वतःजवळ ठेवा.